मशीन आली, सरावाचे तास कुठे आहेत?

रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये कॅशलेस उपचार योजना लागू केली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस आणि दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च तिच्यात बसतो. अशी योजना हवीच होती. पण कसारा घाटात किंवा सिन्नरच्या रस्त्यावर डोक्याला जबर मार बसलेला माणूस सातव्या दिवशी अनेकदा आयसीयूतच असतो. मेंदूची सूज उतरायलाच कधी कधी तेवढे दिवस जातात. माणसे ओळखणे, घास गिळणे, आवळलेली मूठ सोडणे, पायावर उभे राहणे हे सगळे पुढच्या महिन्यांत व्हायचे असते. आयुष्मान भारतच्या पॅकेजमध्ये डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस धरले आहेत. सोळाव्या दिवसापासून पेशंट पूर्णपणे घरच्यांच्या हवाली.

या रिकाम्या जागेत मशीन शिरते. कोणी कानाला लावायची क्लिप विकतो, कोणी हातावर चिकटवायचे पॅड, कोणी ‘नसांना करंट देऊन लकवा बरा’ असा व्हिडिओ मोबाइलवर फिरवतो. घरचे लोक हवालदिल झालेले असतात, ते दागिना मोडून मशीन घेतात. सार्वजनिक आणि धर्मादाय रुग्णालयांचेही याहून फार वेगळे नाही. पुनर्वसनासाठी पैसा आला की आधी यंत्रांची यादी होते, कारण यंत्राची निविदा काढता येते, उद्घाटन करता येते. माणसाच्या पगाराचे उद्घाटन होत नाही.

नर्व्ह स्टिम्युलेशन, म्हणजे नसेला मोजून-मापून वीज देऊन मेंदूच्या सुधारणेला हात देणे, हे थोतांड नाही. त्यामागे चांगले शास्त्र आहे आणि काही चाचण्यांचे निकाल खरोखर आशा वाढवणारे आहेत. पण तेच निकाल नीट वाचले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वीज ज्या सरावाच्या जोडीला दिली जाते, मुख्य काम तो सराव करतो. म्हणून नाशिक जिल्ह्यात मेंदूच्या इजेनंतरच्या उपचारासाठी जो काही पैसा येईल तो आधी फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारे) यांच्या तासांवर खर्च व्हावा आणि मशीन त्या तासांच्या मागून यावी, असे माझे ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त चर्चा होते ती व्हेगस नर्व्हची. ही मेंदूतून थेट निघणारी दहावी नस मानेतून खाली उतरून हृदय, फुप्फुसे आणि पोटापर्यंत जाते. मानेतल्या डाव्या नसेभोवती तारेची बारीक गुंडाळी बसवायची आणि छातीच्या कातडीखाली पेसमेकरसारखा छोटा जनित्र-डबा ठेवायचा, अशी ही शस्त्रक्रिया असते. डावी बाजू घेतात, कारण हृदयाचे ठोके ठरवणाऱ्या केंद्राकडे मुख्यत्वे उजवीचे तंतू जातात. अमेरिकेत फिट्ससाठी ही पद्धत १९९७ पासून मान्य आहे. पक्षाघातानंतर कमजोर राहिलेल्या हातासाठी तिथल्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये मान्यता दिली.

ही मान्यता ज्या चाचणीवर मिळाली तिचे आकडे बघण्यासारखे आहेत. अमेरिका आणि ब्रिटनमधले १०८ रुग्ण होते. त्यांच्या पक्षाघाताला कमीत कमी नऊ महिने आणि जास्तीत जास्त दहा वर्षे झाली होती, म्हणजे ‘आता आहे तेवढेच’ असे ज्यांना सांगितले जाते ते लोक. डबा सगळ्यांना बसवला. निम्म्यांच्या डब्यातून वीज गेली, निम्म्यांच्या डब्यातून गेली नाही, आणि कोण कुठल्या गटात हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्यालाही. मग दोन्ही गटांकडून सहा आठवडे, आठवड्याला तीन दिवस, एकेका सत्रात तीनशेच्या वर हालचाली करून घेतल्या. वस्तू उचलणे, पलटवणे, झाकण फिरवणे, घास तोंडापर्यंत नेणे, अशी ती कामे होती. रुग्ण हालचाल करत असतानाच थेरपिस्ट बटण दाबायचा आणि नसेला अर्धा सेकंद वीज मिळायची: ०.८ मिलिअँपिअर, १०० मायक्रोसेकंदांचे ठोके, सेकंदाला ३०.

हाताच्या हालचाली आणि नियंत्रण मोजणारी फ्युगल-मायर नावाची ६६ गुणांची मोजपट्टी आहे. सहा आठवड्यांनंतर वीज मिळालेला गट सरासरी ५ गुणांनी सुधारला, न मिळालेला २.४ गुणांनी. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा रोजच्या वापरात जाणवेल एवढी सुधारणा, म्हणजे सहा किंवा जास्त गुण, पहिल्या गटात १०० पैकी ४७ जणांत दिसली आणि दुसऱ्यात २४ जणांत. वीज मिळाल्याने प्रमाण जवळपास दुप्पट झाले, ही बातमी सगळीकडे छापून आली. विजेचा एक ठोकाही न मिळता, वर्षानुवर्षे जुन्या पक्षाघातानंतर, निव्वळ नेटाच्या सरावाने चौघांतला एक जण सुधारला, ही त्याच तक्त्यातली दुसरी बातमी मात्र कोणी छापली नाही. आपल्याकडे तो चौथा माणूसही आज घरी बसून आहे.

आता हिशोब करा. एका सत्रात ३०० हालचाली, अशी १८ सत्रे, म्हणजे ५,४०० हालचाली. नेहमीच्या फिजिओथेरपीत किती होतात? उत्तर अमेरिकेत ३१२ सत्रे प्रत्यक्ष बसून मोजली गेली, तो अभ्यास २००९ चा. हाताच्या उपयोगी हालचाली एका सत्रात सरासरी ३२ भरल्या. त्या गतीने १८ सत्रांत सहाशेही होत नाहीत. ही तिथली स्थिती. आपल्या ओपीडीत शेकायला दहा मिनिटे, मशीनला पंधरा मिनिटे आणि उरलेल्या वेळात ‘हात वर करा, खाली करा’ असे झाले, तर तीसही गाठले जाणार नाहीत. मग त्याच रुग्णाला काही लाखांचे इम्प्लांट बसवून आपण नेमके काय बळकट करणार?

वीज आणि सराव यांची ही जोडी किती घट्ट आहे, ते उंदरांवरच्या प्रयोगांत आधीच दिसले होते. व्हेगस नर्व्हला ठोका मिळाला की मेंदूच्या खोडातली केंद्रे जागी होतात आणि मेंदूच्या सालीवर नॉरअॅड्रेनॅलिन आणि अॅसिटिलकोलिन ही रसायने सुटतात. ‘आत्ता जे घडतेय ते पक्के करून ठेव’ असा तो थोडक्यात निरोप असतो. त्या क्षणी हात हलत असेल तर हाताचे जाळे पक्के होते. सराव आटोपल्यावर काही वेळाने तेवढीच वीज दिली तेव्हा उंदरांना तसा फायदा झाला नाही. करंट वाढवूनही फायदा वाढला नाही, मध्यम मात्रेवर जे मिळाले ते जास्त मात्रेवर कमी झाले. निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळे समजवावे लागणार नाही: जीएची (जिबरेलिक अॅसिडची) डिपिंग, म्हणजे घड द्रावणात बुडवणे, मणी ठरावीक अवस्थेत असतानाच करायची असते, वेळ टळल्यावर तेच द्रावण तेवढेच वापरले तरी घड तसा फुगत नाही. म्हणून कानाला क्लिप लावून पेशंटला टीव्हीसमोर तासभर बसवून ठेवणे हा या शास्त्राचा वापर नव्हे. कानाच्या बाहेरच्या भागातल्या खळग्यात व्हेगसची एक फांदी येते हे खरे आहे, तिथून वीज देण्याच्या छोट्या चाचण्याही झाल्या आहेत. पण त्यांतही चांगले निकाल बहुतेक करून व्यायामाच्या जोडीनेच आले आहेत.

आणखी एक मर्यादा जाहिरातवाले हमखास गाळतात. वर सांगितलेली मान्यता रक्ताची गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातासाठी आणि फक्त हातासाठी आहे. मेंदूतला रक्तस्राव किंवा अपघातात डोक्याला लागलेला मार तिच्यात येत नाही. मार लागलेल्या मेंदूत इजा एकाच जागी नसते, लांब तंतू ठिकठिकाणी ताणले-तुटलेले असतात. लक्ष, स्मरण, राग, झोप हे सगळेच विस्कटलेले असते. तिथे एका नसेच्या भरवशावर आश्वासने देणे अप्रामाणिकपणाचे आहे.

डोक्याच्या मारासाठी खास आलेल्या एका यंत्राची हकीकत सगळ्या खरेदी समित्यांनी वाचावी अशी आहे. जिभेवर ठेवायची छोटी पट्टी, तिच्यातून जिभेच्या नसांना सौम्य वीज आणि सोबत तोल सांभाळण्याचे कसून व्यायाम, असा तो उपचार होता. चाचणीत एका गटाला पूर्ण वीज दिली, दुसऱ्याला नावापुरती. दोन्ही गटांचा तोल चांगलाच सुधारला. पण दोहोंतला फरक एवढा नव्हता, की श्रेय विजेला द्यावे. फायदा यंत्राचा की व्यायामाचा हे वेगळे काढता येत नाही, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये डोक्याच्या मारासाठी ते नाकारले. माझ्या दृष्टीने यातली मोठी गोष्ट ही, की व्यायामाने लोक सुधारले. आणि व्यायामाला आयात परवाना लागत नाही.

सरावाशिवाय काम करणारी उदाहरणे नाहीत असे नाही. पक्षाघातानंतर गळ्याला ट्रॅकिओस्टॉमीची, म्हणजे श्वासासाठी छेद देऊन घातलेली, नळी असलेल्या ६९ रुग्णांवर एक चाचणी झाली. घशात बारीक नळीतून रोज दहा मिनिटे, तीन दिवस वीज दिली. वीज मिळालेल्यांपैकी जवळपास निम्म्यांची गळ्याची नळी काढण्याजोगी स्थिती आली, नुसतीच नळी घातलेल्यांत दहातल्या एकाचीही नाही. चाचणी लहान होती, पण निकाल दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमस या केंद्रात तार बसवण्याचे प्रयोग त्याहून पुढचे. जुनी डोक्याची इजा असलेल्या पाच जणांवरचा त्याचा अभ्यास २०२३ मध्ये आला आणि त्यांची विचारांची गती सुधारली. ही कामे मोठ्या संशोधन संस्थांनी करावीत, जिल्ह्याच्या आरोग्य खर्चात त्यांचा विचार आज तरी नको.

मग बेशुद्धीत पडून राहिलेल्या पेशंटचे काय? इथे नातेवाइकांची लूट सर्वात जास्त होते, कारण प्रश्न विचारायला पेशंटच शुद्धीवर नसतो. उजव्या मनगटातल्या मीडियन नर्व्हला वीज देण्याची पद्धत जपान आणि अमेरिकेत बरीच वर्षे अभ्यासली गेली. उजवी बाजू अशासाठी, की भाषेचे केंद्र बहुतेकांत डाव्या मेंदूत असते. चीनमधल्या ३२९ रुग्णांच्या चाचणीत दोन आठवडे रोज आठ तास अशी वीज दिली. सहा महिन्यांनी वीज मिळालेल्यांपैकी १०० मध्ये सुमारे ७२ शुद्धीवर आले होते, न मिळालेल्यांपैकी सुमारे ५७. उपकरण साधे, पॅड मनगटाच्या आतल्या बाजूला, कातडी कापायची गरज नाही. योग्य देखरेखीखाली हे नाशिकच्या आयसीयूतही करता येईल, आणि करून पाहावे असे मला वाटते.

पण त्याआधी एक बिनखर्चाचे काम आहे, तेच होत नाही. पेशंटला खरोखर काही कळत नाही का, हे नीट तपासणे. कोमा रिकव्हरी स्केल नावाची २३ गुणांची तपासणी आहे. आरसा डोळ्यांसमोर हळू फिरवायचा आणि नजर मागे जाते का पाहायचे, सांगितल्यावर वस्तूकडे हात जातो का, आवाजाकडे मान वळते का, हे ठरलेल्या क्रमाने नोंदवायचे. एकदा तपासून भागत नाही. अशा पेशंटची शुद्ध दिवसभरात चढ-उतार करते, म्हणून दोन आठवड्यांत किमान पाच वेळा तपासावे लागते. हे न करता फक्त राउंडवर पाहून ‘काही समजत नाही’ असे ठरवलेल्या रुग्णांपैकी १०० मागे सुमारे ४० जणांना थोडी तरी जाणीव होती, असे २००९ च्या एका युरोपीय अभ्यासात निघाले. औषधाचेही तसेच. अमँटाडीन ही जुनी, स्वस्त गोळी. डोक्याच्या मारानंतर जाणीव मंद राहिलेल्या १८४ रुग्णांवर तिची चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला, चार आठवड्यांत सुधारण्याची गती वाढली. गोळी द्यायची की नाही हे न्यूरॉलॉजिस्ट ठरवतील, तिनेही फिट्सचा धोका असतो. पण ‘नसांची मशीन आणू का?’ असे विचारणाऱ्या घराला आधी ‘या दोन गोष्टी झाल्या का?’ हा उलट प्रश्न विचारला गेला पाहिजे.

आता त्या मशीनकडे येऊ, जी खरोखर घराघरात वापरता येते आणि जिच्यासाठी सार्वजनिक पैसा थोडाफार खर्च व्हायला हरकत नाही. काही हजारांत मिळणारे, बॅटरीवरचे, दोन चॅनेलचे स्नायू उत्तेजक यंत्र. ही टेन्स मशीन नव्हे. दिसायला दोन्ही सारख्या, म्हणून घोळ होतो. टेन्स दुखणे दबवण्यासाठी असते, तिच्यात झिणझिण्या येतात, स्नायू आकसावा असा तिचा हेतू नसतो. लकव्याच्या हातावर महिनोनमहिने टेन्स लावून बसलेली घरे थोडीथोडकी नाहीत.

मनगट आणि बोटे वर उचलण्याचे उदाहरण घ्या. पाच सेंटिमीटरचे दोन चौकोनी पॅड कोपर ते मनगट या भागाच्या पाठच्या बाजूला लावायचे. एक कोपराच्या बाहेरच्या हाडापासून दोन-तीन बोटे खाली, दुसरा मनगटाच्या दिशेने साधारण अर्ध्या अंतरावर. ठोक्यांची गती सेकंदाला ३५ ते ५०, ठोक्याची रुंदी २०० ते ३०० मायक्रोसेकंद. करंट एकदम झटक्याने न चढता दोन सेकंदांत चढावा. सुरुवातीला दहा सेकंद चालू, तीस सेकंद बंद. पॅडमुळे जागा होणारा स्नायू आपल्या नेहमीच्या स्नायूपेक्षा लवकर थकतो, कारण वीज सगळे तंतू एकाच वेळी खेचते, आळीपाळीने नाही. गती ८०-१०० वर नेली तर दोन मिनिटांत हात ढिला पडतो आणि घरचे म्हणतात मशीन बिघडली. वीस ते तीस मिनिटे, दिवसातून दोनदा पुरते. आणि सगळ्यात महत्त्वाचे, वीज चढत असताना पेशंटने स्वतः मनगट उचलायचा प्रयत्न करायचा. समोर पेला ठेवावा, उघडलेल्या बोटांनी तो धरायचा, वीज बंद झाली की सोडायचा. द्राक्षबागेतल्या माणसाला छाटणीची कात्री द्यावी, येवल्याच्या विणकराला धोटा द्यावा. स्वतःच्या कामाची वस्तू हातात असली की मन लागते, आणि मेंदू शेवटी तीच हालचाल शिकतो जी तो करतो.

चुका कुठे होतात तेही सांगतो. मालिश झाल्यावर तेलकट कातडीवर पॅड लावतात. पॅड नीट चिकटत नाही, करंट कडेच्या थोड्याशा जागेतून जातो आणि चट्टा उठतो. पेशंटला त्या हाताची जाणीव कमी असेल तर भाजतेय हे त्याला कळतही नाही. आधी साबणाने धुऊन कोरडे करावे, नंतर लालसरपणा तासाभरात जातो का पाहावे. पॅडचा गोंद वीस-तीस वापरांत सुकतो, नवे घ्यायचे पैसे नसतात म्हणून चिकटपट्टी लावून तेच चालवतात. याने सगळ्यात जास्त भाजते. तळहाताच्या बाजूला, मूठ वळवणाऱ्या स्नायूंवर पॅड लावले तर आधीच आवळलेली मूठ आणखी आवळते. पायाचा पंजा उचलण्यासाठी गुडघ्याच्या बाहेरच्या हाडामागे लावलेला पॅड अर्धा इंच सरकला तरी पंजा सरळ वर येण्याऐवजी बाहेर वळतो. अशा पंज्यासाठी मशीन आणि साधा प्लास्टिकचा स्प्लिंट यांची तुलना झाली, तेव्हा चालण्याच्या वेगात लक्षणीय फरक निघाला नाही. म्हणजे पैसे कमी असतील तर स्प्लिंट घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

मोटरसायकलच्या अपघातात आणखी एक सापळा असतो. डोक्यासोबत खांद्यातून हाताकडे जाणाऱ्या नसांचा जुडगाही तुटलेला असू शकतो. ‘मेंदूमुळे हात लुळा’ समजून सगळे थांबतात. पॅड योग्य जागी आहे, करंट पुरेसा आहे, दुसऱ्या हातावर तोच करंट स्नायू उडवतो आणि या हातावर काहीच होत नाही, तर नस तुटल्याची शंका घेऊन तातडीने तपासणी करावी. त्या शस्त्रक्रियेला वेळेची मर्यादा असते, महिने उलटले की संधी जाते. पेसमेकर असलेल्याला, मानेच्या पुढच्या भागावर, शिरेत रक्ताची गुठळी झालेल्या पायावर, कॅन्सरच्या जागेवर ही मशीन लावायची नाही. फिट्स आवरलेल्या नसतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

हे सगळे एकदा दाखवून येत नाही. पाचव्या दिवशी पॅडची जागा बदललेली असते, पंधराव्या दिवशी वेळ. म्हणून ‘नातेवाइकांना शिकवून पाठवा, थेरपिस्टची काय गरज’ हा स्वस्तातला उपाय चालत नाही. हे माझे म्हणणे नाही, भारतातच तपासून झाले आहे. १४ रुग्णालयांतल्या १,२५० पक्षाघात रुग्णांचे दोन गट केले आणि त्यांतल्या एका गटाच्या घरच्यांना सरावाचे शिक्षण देऊन घरी पाठवले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत सारखेच होते, १०० मागे ४७. २०१७ मध्ये आलेला हा निकाल कडू आहे. घरची माणसे कमी पडली असे मी त्याचे वाचन करत नाही. रोजंदारी, म्हातारी माणसे, लहान मुले सांभाळून दिवसाला तीनशे हालचाली करवून घेणे एकट्या सुनेच्या किंवा बायकोच्या आवाक्यातले नाही, एवढेच ते सांगते.

तास कुठून आणायचे, याचा हिशोब मांडता येतो. एक फिजिओ आणि एक मदतनीस, दोन तासांची तुकडी, तुकडीत चार पेशंट, दिवसाला तीन तुकड्या. एक दिवसाआड बोलावले तर एका वेळी २४ पेशंट सहा आठवड्यांचा सराव पूर्ण करतील. वर्षात अशी आठ आवर्तने धरली तर १९२ पेशंट. लागणारे सामान: टेबले, पेले, झाकणांचे डबे, कपड्याचे चिमटे, एक पायरी, भिंतीवर आरसा, आणि हालचाली मोजायला हातात धरायचे साधे काउंटर. चार-पाच स्नायू उत्तेजक यंत्रे आणि दर महिन्याला नवे पॅड. एवढ्यात एक केंद्र उभे राहते. नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे, राज्यभरच्या संलग्न फिजिओथेरपी महाविद्यालयांच्या परीक्षा तेच घेते. इंटर्नशिपचे काही आठवडे अशा केंद्रांत आणि कळवण, निफाड, येवल्याच्या सरकारी रुग्णालयांत लावणे त्याच्या कक्षेत यावे. सुरगाणा-पेठच्या पेशंटला आठवड्यातून तीनदा शहरात आणायचे म्हटले, तर सोबतच्या माणसाची तीन दिवसांची मजुरी बुडते. चौथ्या आठवड्यापर्यंत ते कुटुंब येणे बंद करते आणि आपण फाइलवर ‘पेशंट आला नाही’ लिहून मोकळे होतो. तालुक्याला केंद्र नसेल तर शहरातले केंद्र शहरापुरतेच राहील.

मशीन घरी द्यायची ती वाचनालयातल्या पुस्तकासारखी उसनी द्यावी, तीन महिन्यांसाठी, नव्या पॅडसह. तीन महिन्यांनंतर ती बहुतेक घरांत कपाटावरच जाते, तीच दुसऱ्याच्या हाताला लागेल.

जाहिरातींचे काय करायचे, त्यासाठी नवा कायदा लागत नाही. १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत पक्षाघात हा आजार नावानिशी आहे, तो बरा करण्याच्या जाहिरातीला मनाई आहे. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणेही औषधांच्या कायद्याखाली आली. खोक्यावर परवाना क्रमांक नसलेली, ‘शंभर टक्के गुण’ लिहिलेली मशीन दिसली की अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. तक्रार लेखी करावी, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बिलाची प्रत जोडावी. बिल न घेता घेतलेल्या मशीनची तक्रार टिकवणे कठीण जाते, म्हणून विक्रेता ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ म्हणाला तर तिथेच थांबावे.

२०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने शहराच्या आरोग्य सेवेकडे लक्ष आणि पैसा वळेल. त्यातून किंवा कुठल्या कंपनीच्या सीएसआरमधून पुनर्वसनाच्या नावाने यंत्रखरेदीचा प्रस्ताव आला, तर जिल्हा रुग्णालयाने, महापालिकेने आणि धर्मादाय विश्वस्तांनी त्या कागदावर चार गोष्टी मागाव्यात: यंत्रामागे किती थेरपिस्ट-तास मंजूर आहेत, प्रत्येक पेशंटच्या प्रत्येक सत्रातल्या हालचाली कोण मोजणार, पहिल्या दिवशी, सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी फ्युगल-मायर गुण कोण नोंदवणार, आणि पॅडचा वर्षभराचा खर्च कुठल्या शीर्षाखाली धरला आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर रिकामे असेल तर तो प्रस्ताव परत पाठवावा.